गोदामाच्या पत्र्याला गंज: रंगाच्या आधी पाणी कुठे थांबतं ते शोधा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लातूरजवळ तुमची डाळमिल आहे आणि तिला लागून तूर-सोयाबीन साठवण्याचं साधारण दहा हजार चौरस फुटांचं गोदाम. पत्रा साधा जस्ताचा, बारा वर्षांपूर्वीचा. स्क्रूभोवती आणि पत्र्यांच्या जोडांवर तांबूस डाग आलेत, दोन शेडच्या मधल्या पन्हळीला भोकं पडलीत. पेंटर म्हणतो, मृगाच्या आत सिल्व्हरचे दोन हात मारून देतो. शेडवाला म्हणतो, सगळा पत्रा बदला. मेव्हणे म्हणतात, जुन्याच्या वरच नवा टाकून घ्या. त्यात पुढच्या वर्षी याच छतावर सोलर बसवायचा विचार आहे.

माझं मत आधी सांगतो, कारणं पुढे येतील. मे महिन्यात रंग मारू नका. सगळा पत्रा बदलायची वेळ बहुधा आलेली नाही. जुन्यावर नवा पत्रा तर अजिबात टाकू नका. पावसाआधी पन्हळ नवी करा, स्क्रू बदला, छत वरून आणि कैच्या (छत तोलणारे लोखंडी त्रिकोणी सांगाडे) आतून झाडून घ्या. रंगाचं काम दिवाळीनंतर करा आणि सोलर त्याच्याही नंतर.

तुम्ही विचारलंत "कोणता रंग", पण तुमच्या वर्णनातच खरी अडचण दिसते. डाग कुठे आलेत? स्क्रूभोवती, जोडावर, पन्हळीत. मधला मोकळा पत्रा, ज्याच्यावर ऊन आणि पाऊस सगळ्यात जास्त पडतो, तो अजून करडा आणि शाबूत आहे. पाऊस पडून वाहून गेला तर पत्र्याचं फारसं बिघडत नाही. जिथे पाणी थांबतं, ओल टिकते, वारा लागत नाही, तिथे गंज धरतो. त्या जागा तशाच ठेवून वरून कितीही भारी रंग मारला तरी दोन-तीन पावसाळ्यांत गंज त्याच जागांवर परत येतो.

हे नीट कळायला जस्त काय करतं ते पाहू. नव्या जस्ताचा हवेशी संबंध आला, की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याच्यावर झिंक कार्बोनेटचा करडा, घट्ट थर बसतो. हाच थर आतल्या जस्ताला सांभाळतो. पण तो तयार व्हायला पत्रा ओला होऊन पुन्हा वाळला पाहिजे आणि त्याला हवा मिळाली पाहिजे. दोन पत्र्यांच्या फटीत किंवा कुजलेल्या पाल्याखाली जस्त सतत ओलं राहिलं, तर घट्ट थराऐवजी पांढरी भुकटी तयार होते. ती काहीच अडवत नाही आणि जस्त झरझर संपतं. जस्त संपलं की खालचं लोखंड लाल होतं. जस्ताचा दुसरा मोठा गुण असा, की ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि उघड्या लोखंडाला वाचवतं. म्हणून बारीक ओरखड्यांची काळजी करू नका. जस्तच उरलं नाही अशा जागांची करा.

आता थोडा हिशेब. पत्र्यावर २७५ ग्रॅम जस्त म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम, एका बाजूला साधारण २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १२० ग्रॅमचा पत्रा असेल तर एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. हवा किती गंजकारक आहे याचे आयएसओ ९२२३ या मानकात वर्ग पाडले आहेत. सी-२ वर्गात जस्त वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजतं, सी-३ मध्ये ०.७ ते २.१ आणि सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहोत, वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आणि वर्षातले बरेच महिने हवा कोरडी ठणठणीत. गावाबाहेरचं गोदाम सी-२ मध्ये धरायला हरकत नाही, धुराड्याजवळचं किंवा एमआयडीसीतलं सी-३ मध्ये. सी-२ मधला सगळ्यात वाईट दर धरला तरी २७५ ग्रॅमचा पत्रा २८ वर्षं जायला हवा. १२० ग्रॅमचा मात्र त्याच दराने १२ वर्षांत उघडा पडू शकतो.

म्हणून तुमच्याकडे जुनं बिल असेल तर ते आधी शोधा. त्यावर जस्ताचे ग्रॅम लिहिलेले असतील तर मोठा उलगडा होईल. बिल नसेल तर एखाद्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमधून कोटिंगची जाडी मोजायचं मीटर मागवा. मोकळ्या भागावर जागोजाग मोजून पाहा. अजून दहा-बारा मायक्रॉन जस्त शिल्लक असेल तर पत्रा बदलायचं नावही काढू नका. दोन-तीनच उरलं असेल तर त्याला लवकर रंगाची गरज आहे. तुमच्या प्रश्नात परिस्थितीवर अवलंबून असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे जोडांच्या आतली अवस्था, आणि ती वर उभं राहून दिसत नाही.

पाहणी आतून सुरू करा. भर दुपारी गोदामाची दारं बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि वर पाहा. सुईएवढं भोक असलं तरी चांदणीसारखं चमकतं. कागदावर छताचा नकाशा काढून त्यावर खुणा करत जा. मग प्रत्येक उतारावरचा एखादा जोड उघडा. चार-सहा स्क्रू काढून वरचा पत्रा जरा उचलला तरी पुरे. आत फक्त पांढरी भुकटी असेल तर वेळेत आलात. लाल खपली असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. पत्रा कुरकुरला किंवा टोक आत गेलं तर तो तुकडा गेला, त्याच्यावर रंगाचा खर्च करू नका. खपली निघून खाली घट्ट लोखंड लागलं तर तो वाचवता येतो. एका उतारावरचे एक तृतीयांशाहून जास्त पत्रे असे कुरकुरले, तर मी मालकाला तो उतार पूर्ण बदलायला सांगतो, कारण ठिगळं लावण्याची मजुरी वाया जाते. त्याहून कमी असतील तर तेवढेच बदलायचे.

सगळे लाल डाग सारखे नसतात, हेही पाहा. स्क्रू बसवताना पडलेला लोखंडाचा कीस किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या पत्र्यावर चिकटून राहिल्या, तर पहिल्याच पावसात त्यांचे बारीक लाल ठिपके दिसतात. नखाने खरवडले की निघतात, खाली जस्त शाबूत असतं. अशा ठिपक्यांकडे बोट दाखवून "सगळा पत्रा गेला" असं सांगितलं जातं, तेव्हा आधी खरवडून पाहा.

आता स्क्रू. आपल्याकडच्या छतांवर सगळ्यात मोठं नुकसान इथूनच सुरू होतं असं मी ठामपणे सांगेन, आणि त्याचं कारण आपलं ऊन आहे. उन्हाळ्यात दुपारी पत्रा ६०-६५ अंशांवर जातो आणि रात्री पार उतरतो. लोखंड एका अंशाला एका मीटरमागे १२ मायक्रॉन प्रसरण पावतं. तुमचा पत्रा सलग १२ मीटरचा असेल आणि दिवस-रात्रीत थंड-गरमचा फरक ५० अंशांचा असेल, तर तो पत्रा सात मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. ही ओढाताण रोजची. स्क्रूभोवतीचं भोक हळूहळू लांबट होतं, स्क्रू वाकडा होतो, वॉशर एका बाजूने उचलला जातो. हलक्या रबराचा किंवा प्लास्टिकचा वॉशर तर दोन-तीन उन्हाळ्यांतच कडक होऊन तडकतो. मग पहिल्या पावसाचं पाणी स्क्रूच्या दांड्यावरून आत जातं आणि पर्लिनमध्ये, म्हणजे पत्रा ज्यावर स्क्रूने बसतो त्या आडव्या लोखंडी पट्टीत, साठतं. डाग तुम्हाला वर दिसतो, पण तोवर खालची पर्लिन खाल्लेली असते. जुन्या शेडमध्ये जे-हुक आणि डांबरी वॉशर असतील तर तिथेही हेच होतं.

स्क्रू नुसते आवळून घेण्याने काही साधत नाही. लांबट झालेल्या भोकात तोच स्क्रू पुन्हा पकड घेत नाही आणि जास्त आवळला की वॉशर चिरडतो. जुना स्क्रू काढायचा आणि जागेवर एक माप मोठा घालायचा. साडेपाच मिलिमीटरचा असेल तर ६.३ चा. वॉशर ईपीडीएम या ऊन सोसणाऱ्या रबराचाच हवा. स्क्रूवर साध्या प्लेटिंगऐवजी जाड संरक्षक कोटिंग असलेला माल घ्या. साध्या प्लेटिंगवर जस्त इतकं पातळ असतं की पत्र्याच्या आधी स्क्रूच गंजतो आणि त्याचा गंज ओघळून पत्र्याला डाग देतो. स्क्रू सरळ उभा बसला पाहिजे आणि वॉशरचं रबर टोपीच्या कडेबाहेर किंचित दिसेल इतकाच आवळला पाहिजे. मशीनला टॉर्कचा क्लच असतो, ठरावीक जोरानंतर आवळणं थांबवणारा, तो कारागिराला लावायला सांगा. दहा हजार फुटांच्या छताला स्क्रूचा खर्च पूर्ण पत्र्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो, तरी हेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

पन्हळीचं तसंच. डाळमिलच्या पन्हळीत काय साठतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुरीचं फोलपट, चुनी, बारीक भुसा, त्यावर रस्त्याची धूळ, कडेला लिंबाचा पाला आणि कबुतरांची शीट. वळवाचा एक शिडकावा झाला की त्याचा लगदा होतो. वरून कोरडा दिसला तरी खालून आठ-आठ दिवस ओला राहतो. तो कुजताना आंबट होतो, आणि आम्ल जस्ताला साध्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने खातं. तुमच्या पन्हळीला भोकं नेमकी कुठे आहेत तेही पाहा. बहुतेक वेळा ती जोडाच्या वेल्डिंगवर असतात. जस्त ९०७ अंशांनाच उकळून उडून जातं, त्यामुळे वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंची पट्टी पहिल्या दिवसापासून उघडी असते.

भोकांवर डांबराचा पट्टा किंवा ताडपत्रीचं ठिगळ लावू नका. उन्हात डांबर तडकतं, पाणी त्याच्या खाली शिरतं आणि तिथून कधीच वाळत नाही. पन्हळ नवीच करा. प्लेट पत्र्यापेक्षा जाड घ्या, जोड वेल्डिंगचे असतील तर ते घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर आणि मग आतून पूर्ण इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून कडक होणारा रंग) जाड थर द्या. उतार दोनशेला एक इतका तरी हवा. ओळंबा-लेव्हल न लावता बसवलेल्या पन्हळीत मधोमध डबकं राहतं. पाणी उतरायची तोंडं दोन तरी ठेवा आणि त्यांच्या वरच्या पातळीला बाहेर पडणारी एक जादा नळी ठेवा, म्हणजे तोंड तुंबलं तर पाणी गोदामात न उतरता बाहेर पडेल. तोंडावर सपाट जाळी लावू नका, फोलपट तिच्यावर पापडी धरतं. घुमटाकार जाळी चालते. आणि पन्हळीपर्यंत चढायला पक्की शिडी करा. शिडी नसली की वर्षानुवर्षं कोणी वर जात नाही.

आतल्या बाजूकडे फारसं कुणी बघत नाही. सी आकाराच्या पर्लिनच्या खालच्या ओठात डाळीची भुकटी साठते, ती पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेते आणि पर्लिन आतून गंजते. ड्रायर किंवा बॉयलरची वाफ वर जात असेल तर थंडीत पहाटे ती गार पत्र्याला लागून तिचे थेंब धरतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, विशेषतः परभणी भागात, रात्रीचं तापमान एक आकडी होतं. तेव्हा "पाऊस नाही तरी छत गळतंय" अशी तक्रार येते, ती याचीच. वाफेला धुराड्याने थेट बाहेर काढा, आणि छताच्या माथ्यावर हवा जायला फिरते व्हेंटिलेटर बसवा. ते चालायला खालून हवा आत यायला झरोके लागतात. नुसते वर पंखे लावून खाली सगळं बंद असेल तर उपयोग नाही.

त्याच गोदामात तुम्ही हंगामात खतही ठेवत असाल तर ते आजच थांबवा, किंवा वेगळ्या बंद खोलीत ठेवा. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड तेच, जे समुद्रकाठच्या हवेत मिठातून येतं. फाटक्या पोत्यातली भुकटी कैच्यांवर बसली की लातूरच्या गोदामात कोकणची हवा तयार होते, आणि मग वर केलेला सी-२ चा हिशेब लागू होत नाही.

आता रंगाकडे येऊ. सिल्व्हर म्हणजे ॲल्युमिनिअम पेंट वाईट नाही. ते ऊन परतवतं आणि जुन्या लोखंडी कामावर बरं चालतं. अडचण अशी, की बाजारातले नेहमीचे सिल्व्हर, ऑइल पेंट आणि रेड ऑक्साइड हे तेलाच्या आधारावर बनतात. जस्ताशी त्या तेलाची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून जस्ताच्या पत्र्यावर रेड ऑक्साइड थेट मारू नये. काळ्या लोखंडाच्या कैचीला ते चालेल, तुमच्या छताला नाही.

तुमच्या छतावर मी हा क्रम धरेन. आधी कोरडी झाडलोट, मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुणं. पाणी वरून खाली मारायचं, उताराच्या विरुद्ध मारलं तर ते जोडांत घुसतं. बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचं धुणं गोड्या पाण्याने करा. गंज काढायला ॲसिड वापरू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिडने डाग क्षणात जातो, पण त्याचं क्लोराइड जोडांत राहतं आणि महिन्याभरात दुप्पट गंज येतो. लाल जागा तारेच्या ब्रशने किंवा मशीनवरच्या चाकाने घट्ट लोखंड दिसेपर्यंत घासा, शाबूत जस्त मात्र घासून उडवू नका. लाल जागांवर झिंक फॉस्फेटचा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, नंतर सगळ्या पत्र्यावर जस्ताला धरणारा इपॉक्सी प्रायमर, आणि वर उन्हाला टिकणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. इपॉक्सी उघडा ठेवता येत नाही, उन्हाने त्याची खडूसारखी भुकटी होते. सगळे थर मिळून वाळल्यावर १२० ते १५० मायक्रॉन भरले पाहिजेत, ते मीटरने मोजूनच पैसे द्या. पत्रा नालीदार असल्यामुळे रंगवायचं क्षेत्र जमिनीच्या मापापेक्षा मोठं निघतं: १,२२० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतून साधारण १,००० मिलिमीटर झाकणारा पत्रा बनतो. दरपत्रकात हे नीट लिहून घ्या, नाहीतर मधेच वाद होतो आणि थर पातळ मारला जातो.

रंगाची उत्तम वेळ लाल गंज येण्याच्या आधीची असते. जस्त करडं पडलंय पण अजून शिल्लक आहे, अशा पत्र्यावर नीट बसलेला रंग दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्याच्या बेरजेपेक्षा जास्त टिकतो, कारण रंग जस्ताला वाचवतो आणि रंगाच्या बारीक भेगांखाली जस्त लोखंडाला वाचवतं. तुमचा मोकळा पत्रा आज याच टप्प्यावर असावा. म्हणूनच तो फेकू नका असं मी म्हणतो.

मे महिना का नको? साठ अंशांच्या पत्र्यावर रंगातलं थिनर पसरायच्या आधीच उडतं. थर भुकटीसारखा बसतो, त्यात बुडबुडे आणि सुईभोकं राहतात. बहुतेक रंगांसाठी पत्रा ५० अंशांच्या आत असावा लागतो. त्यात दुपारची वावटळ ओल्या रंगावर माती टाकते आणि संध्याकाळी वळीव येतो. दिवाळीनंतर होळीपर्यंत आपल्याकडे रंगासाठी फार चांगले दिवस असतात. हवा कोरडी, ऊन सोसवणारं. फक्त दव सांभाळायचं. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या, निदान तीन अंश वर असलं पाहिजे. व्यवहारात, सकाळी दव पूर्ण वाळल्यावर दहाच्या सुमाराला सुरू करा आणि दुपारी साडेतीन-चारला थांबा. उघडा पत्रा संध्याकाळी हवेपेक्षा लवकर गार होतो. बंदुकीसारखं तापमापक वापरणार असाल तर चकचकीत जस्तावर ते चुकीचं, कमी तापमान दाखवतं. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

पांढरा उष्णतारोधक रंग मारायचा असेल तर मी त्याच्या बाजूने आहे, पण प्रायमरनंतर. तो बहुधा पाण्यात मिसळणारा असतो आणि उघड्या लोखंडावर मारला तर ओला असतानाच गंज वर येतो. नीट बसला तर पत्रा कमी तापतो, म्हणजे ओढाताणही कमी होते आणि स्क्रूंना आराम मिळतो.

मेव्हण्यांची सूचना का नको, तेही सांगतो. जुन्या पत्र्यावर नवा थेट टाकला की दोघांच्या मधे न वाळणारी फट तयार होते, दोन पत्र्यांच्या जोडात होतं तेच मग सगळ्या छतभर. नवा पत्रा खालून खाल्ला जातो आणि जुना दिसेनासा झाल्यामुळे पर्लिनची अवस्थाही कळत नाही. शिवाय कैचीवर वजन वाढतं. मधे उंचवट्याच्या पट्ट्या टाकून, हवा खेळती ठेवून आणि कैचीची ताकद तपासून हे करता येतं, पण तितक्या खर्चात जुना काढून नवा टाकणं सरळ पडतं.

जे पत्रे बदलाल ते घेताना "०.५० चा पत्रा" एवढंच बोलून थांबू नका. ते माप कोटिंगसकट आहे की आतल्या लोखंडाचं, हे विचारा. कोटिंगसकट ०.५० म्हणजे आत लोखंड त्याहून कमी. जस्ताचा असेल तर २७५ ग्रॅम मागा. गॅल्व्हल्यूम घेतलात, ज्यात ५५ टक्के ॲल्युमिनिअम आणि ४३.४ टक्के जस्त असतं, तर १५० ग्रॅमचा मागा आणि सोबत कारखान्याचं तपासणीपत्र घ्या. गॅल्व्हल्यूम आपल्या हवेत साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. पण त्याला चुना आणि ओलं सिमेंट चालत नाही. भिंतीचं प्लास्टर आधी उरकून घ्या, शिंतोडे पडलेच तर लगेच धुवा. जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या शेडवर अमोनियामुळे तो नको. आणि गॅल्व्हल्यूमच्या छताचं पाणी जुन्या जस्ताच्या पन्हळीत सोडू नका. त्या छतावरून येणाऱ्या पाण्यात जस्त फारसं विरघळलेलं नसतं, ते खाली येऊन पन्हळीचं जस्त खातं. पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) कापा, ग्राइंडरने कड जळते. जोडाला सिलिकॉन लावाल तर न्यूट्रल लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा उग्र वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं आम्ल जस्ताला लागतं.

सोलरबद्दल. पॅनल पंचवीस वर्षं काढतात. त्यांच्या खालचा पत्रा आठ वर्षांत बदलावा लागला तर सगळं उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च अंगावर येतो. म्हणून आधी छत, नंतर पॅनल. काचेवरून ओघळणारं पाणी वर सांगितलेल्या गॅल्व्हल्यूमच्या पाण्यासारखंच जस्ताला लागतं, म्हणून पॅनलच्या खालच्या कडेखालची पट्टी तरी रंगवलेली असलीच पाहिजे. पॅनल दर पंधरा दिवसांनी बोअरच्या पाण्याने धुतले जातात, म्हणजे ज्या छताला वर्षातले चार महिने पाणी लागायचं त्याला बारा महिने लागणार. म्हणून त्या उतारावरचे जोड आधीच ब्यूटाइलच्या चिकट रबरी पट्टीने बंद करून घ्या. अर्थिंगची तांब्याची पट्टी पत्र्याला टेकवू नका, जस्त चढवलेली लोखंडी पट्टीच वापरा. ऑफिसच्या एसीचं पाणीही छतावर सोडू नका. तांब्याच्या नळ्यांवरून येणारं ते पाणी सोबत तांबं आणतं आणि पत्र्याला थेंबाच्या रेषेत भोकं पाडतं. पॅनलखाली कबुतरं घरटी करतात, तेव्हा बाजूने जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्या.

पुढच्या वर्षांसाठी देखभाल फार नाही. होळीनंतर एकदा सगळी झाडलोट, रोहिणीत पन्हळीची सफाई आणि स्क्रूंवर नजर, पावसाळ्यात एकदा उघडीप पाहून पन्हळ पुन्हा साफ, आणि गारपीट झाली तर लगेच वर जाऊन फायबरचे पारदर्शक पत्रे आणि रंगाचे टवके पाहणं.

एक गोष्ट मात्र काम सुरू होण्याआधी ठरवा. गंजलेल्या पत्र्यावर आणि फायबरच्या पत्र्यावर माणूस थेट उभा राहू शकत नाही. फायबर जुना झाला की धुळीने पत्र्यासारखाच दिसतो आणि पाय सरळ आत जातो. चढायच्या आधी आतून नकाशा काढलाय, त्यावर असे पत्रे लाल खुणेने दाखवा आणि वर गेल्यावर प्रत्यक्ष पत्र्यावरही रंगाने फुली मारा. पाय पर्लिनच्या रेषेवर, म्हणजे स्क्रूच्या ओळीवरच ठेवायचा, आणि चालायला लाकडी फळ्या आडव्या टाकायच्या. प्रत्येकाच्या अंगाला पट्टा आणि तो कैचीला बांधलेल्या दोराला. खाली काम चालू ठेवू नका, त्या दिवशी मिल बंद ठेवा. ठेकेदार पट्टा आणत नसेल तर तुम्ही विकत आणून द्या, आणि तो न बांधता कोणी वर चढला तर काम तिथेच थांबवा.